टाचेजवळचा थांबा

"हा टाचेपाशी येऊन थांबतो कशाला?" मितेशशेठनी विचारलं, आणि राघोच्या हातातला सोल हातातच राहिला.

विचारलं होतं कुणालला, म्हणजे मशीनच्या कंपनीकडून आलेल्या इंजिनियरला. अंजूरच्या त्या गाळ्यात राघोला कोणी काही विचारत नसे, आणि विचारण्यासारखं त्याचं कामही नव्हतं. त्याने साच्यात बुटाचा सोल ठेवायचा, समोरच्या यांत्रिक हाताने त्या सोलच्या कडेकडेने सोल्युशनची, म्हणजे पातळ डिंकाची, रेघ ओढायची, राघोने तो सोल उचलून पट्ट्यावर टाकायचा. पट्टा त्याला गरम बोगद्यातून पलीकडे जोहराबाईंकडे न्यायचा, आणि जोहराबाई त्यावर बुटाचा वरचा भाग बसवून दाबायला पुढे सरकवायच्या. एवढाच संसार. पण त्या संसारात दर सोलमागे एकदा, चवड्याकडून निघालेली रेघ टाचेच्या वळणावर आली की तो हात थांबायचा, वीतभर वर उठायचा, मनगटातून अलगद वळायचा, आणि मग काही झालंच नाही अशा साळसूदपणे खाली येऊन राहिलेली रेघ पुरी करायचा. मितेशशेठ मोबाइल समोर धरून ते थांबणं टिपत होते. वाकून वाकून बघत होते. राघोला वाटलं, कोणीतरी चपला न काढता आपल्या घरात शिरलंय आणि थेट चुलीपर्यंत आलंय.

"यहीं पे टपका गिरता है," मितेशशेठ म्हणाले. "पूरा लॉट वापस आया. टाचेवर सोल्युशनचा डाग. पार्टी बोलते, हे बूट आहेत का इडली-सांबार?"

कुणालने मशीनच्या काचेच्या पाटीवर, तिच्या स्क्रीनवर, बोटं फिरवली. "सर, शिकवतानाची चूक आहे ही. ज्याने हात धरून शिकवलं त्याने मध्येच हात उचललाय. सोमवारी नव्या सोलचा प्रोग्राम भरायचाच आहे. तेव्हा हा जुना उडवून टाकतो."

ज्याने नव्हे, जिने. राघो मनात म्हणाला, आणि सोल साच्यात ठेवला. हात आला, टाचेपाशी थांबला, वर उठला, वळला. राघोने मान खाली घातली. शेठच्या आणि इंजिनियरच्या देखत उत्तर काय द्यायचं?

कारण ते थांबणं म्हणजे एक प्रश्न होता. हे त्या गाळ्यात फक्त दोघांना ठाऊक होतं, राघोला आणि जोहराबाईंना. आणि समजायला आधी कामतघरात आयुष्य काढावं लागतं. कामतघरात कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट असा, की तिथले कावळेसुद्धा काव काव करण्याच्या भानगडीत न पडता नुसती मान हलवून एकमेकांचं भागवतात. तिथे मुक्याला कोणी मुका म्हणत नाही, उलट तोच सगळ्यात बडबड्या ठरतो. माणसं हाताने बोलतात. दोन बोटं ओठाला, म्हणजे चहा. मूठ कानापाशी, म्हणजे शेठ आला. तळहात वर करून मनगट वळवलं, म्हणजे ‘काय?’ काय झालं, काय हवं, तोंड का पाडलंय, जेवलास का, घरी जायचं का, सगळ्याला मिळून एकच काय. आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो की आपला हात बोलतोय. घरी आल्यावर, झोपेत, मयताला गेल्यावरसुद्धा हात चालूच. राघोची बायको कमळाबाई दिघाशीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण येड्यांच्या वस्तीत पडलो. वर्ष फिरायच्या आत तिचा हात सगळ्या आळीत जास्त चुरूचुरू बोलायला लागला. सुताच्या कांड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती लूमच्या रांगेतून यायची. राघो खाली मान घालून धाग्याकडे बघत असायचा. त्याला ती येताना ऐकू यायची नाही, कानांचं तेव्हाच खोबरं झालेलं. पण आपल्या कापडावर कोणाची तरी सावली पडली एवढं कळायचं. वर बघावं तर समोर ती. पेटी एका हाताने सावरलेली, आणि दुसरा हात वळत असायचा. काय? राघो बोट हलवायचा. काय न्हाय. मग तिला पटायचं नाही, ती पुन्हा वळवायची, आणि राघोला काहीतरी सांगावंच लागायचं. तो मुळात न बोलणारा माणूस. त्याने जन्मात जेवढं म्हणून कोणाला सांगितलं, ते तिच्या त्या मनगटाच्या तगाद्याने.

लूम भंगारात गेले, टेम्पोत भरून, हाडं बांधून न्यावीत तसे. तो आणि ती अंजूरच्या गाळ्यात लागली, जिथे आधी भात पिकायचा आणि आता बूट पिकतात. कमळाबाई ब्रशवर होती. दिवसभर सोलला सोल्युशन लावायचं, त्या वासाने संध्याकाळी डोकं असं जड व्हायचं की ते रिक्षात मांडीवर काढून ठेवावं. मग ते मशीन आलं. नवं नव्हे, कुठल्याशा गाड्यांच्या कारखान्यातून सेवानिवृत्त होऊन आलेलं, मनगटापाशी रंग उडालेलं. मितेशशेठनी हार घालून नारळ फोडला आणि नारळाचं पाणी उडून ते पहिल्याच दिवशी बंद पडलं. दुरुस्त झाल्यावर एक चष्मेवाला इंजिनियर आला आणि म्हणाला, याला हात धरून शिकवायचं. बटण दाबलं की हा सैल होतो. मग याचा हात धरून एकदा सोलवरून फिरवायचा, तसाच तो जन्मभर फिरवील. सगळे मागे सरले. कमळाबाई पदर खोचून पुढं झाली. "या सूनबाई," ती म्हणाली. "तुमच्या सासूला आता डोकेदुखीतून सोडवा." आणि तिने त्या लोखंडी मनगटाला असं धरलं, जसं नव्या सुनेला भाकरी थापायला शिकवताना धरतात.

राघो समोर उभा होता. त्याचं तोंड पडलं होतं, कारण त्याला वाटत होतं, शिकवून झालं की हिलाच घरी बसवतील. काँप्रेसर धडधडत होता. रेघ चवड्याकडून निघून टाचेच्या वळणावर आली, तिने वर बघितलं, त्याचं पडलेलं तोंड तिला दिसलं, आणि तिच्या हाताने, ज्याच्यात त्या मशीनचा हात होता, नेहमीसारखं विचारलं. उठला, वळला. काय? राघोने बोट हलवलं. काय न्हाय. तिला पटलं नव्हतं, पण तिने रेघ पुरी केली. चष्मेवाला पाटीत तोंड घालून बसला होता, त्याला गाडी पकडायची घाई. "झालं ना? सेव्ह केलं," म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी पहिला सोल ठेवला आणि मशीनने राघोला विचारलं. काय?

कमळाबाई हसता हसता सोल्युशनच्या ड्रमवर बसली. तिला उठता येईना. "अवं, ह्ये तर माझ्यावानी इच्चारतंय! बगा, घरी मी आनि हितं ही. आता कुटं पळाल?" जोहराबाई बोगद्याच्या टोकाकडून धावत आल्या. त्याही कामतघरच्या, त्यांच्या नवऱ्याचे, हसनमियांचे लूम होते. त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी तोंडाला ओढणी लावली. "या अल्ला! कमळा, चूप बैठ. शेठला कळला तर तुझी नोकरी जाईल आणि मशीनची पण." तिघांत ते राहिलं. शेंड्याला चिकटलेल्या पेरूसारखं, दिसायचं सगळ्यांना, पण ठाऊक तिघांनाच. टाचेपाशी थांबताना त्या नळीतून एक थेंब गळायचा. राघो अंगठ्याला चिंधी गुंडाळून सोल उचलतानाच तो पुसून टाकायचा, सवयीने, बायकोच्या पदराला लागलेलं पीठ झटकावं तसा.

नंतर ती वारली. पोटाचं दुखणं म्हणून दवाखान्यात गेली आणि घरी आली ती तिरडीवर न्यायलाच. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलायचं बंद झालं होतं, हात मात्र चादरीवर हलायचा. कोणाला काय विचारत होती कोण जाणे. त्यांच्या पोरीला, रियाला, वाटायचं आई पाणी मागते, ती चमच्याने पाणी घालायची. राघो पायथ्याशी उभा. त्याला कळत होतं. तो बोट हलवून सांगत होता, काय न्हाय, काय न्हाय, आणि जिंदगीत पहिल्यांदा तिने ते दुसऱ्यांदा न विचारता मानलं.

तो नव्हता तेवढे दिवस जोहराबाई त्याच्या जागी बसून थेंब पुसत होत्या. तो कामावर परत आला तेव्हा गाळ्यात सगळे त्याच्याशी हळू बोलत होते. ते त्याला ऐकूच येत नव्हतं. त्याने सोल ठेवला, हात आला, टाचेपाशी थांबला, उठला, वळला. राघो तिथेच स्टुलावर बसला. गाळ्यातला पंढरी पाणी घेऊन धावला, त्याला वाटलं चक्कर आली. राघो त्या हाताकडे बघत होता. हात पुढच्या सोलची वाट बघत होता. ठेवल्याशिवाय विचारणार नव्हता. मग राघोने सोल ठेवला. आणि ठेवतच राहिला. त्या दिवशी गाळ्यातला सगळ्यात जास्त माल निघाला म्हणतात. मितेशशेठ म्हणाले, दुःखात माणूस कामाला लागतो ते बरं. त्यांना काय ठाऊक, माणूस बोलत होता.

वर्षभर तो बोलला. कमळाबाई जिवंत असताना एवढं बोलला नव्हता. काय? सिलिंडर संपला. काय? रियाला वखारीत पार्सल तपासायची ड्युटी लागली, उभं राहून पाय सुजतात. काय? तुझ्या भावाने दिघाशीची पायवाट बुजवून गोडाऊनवाल्याला दिली, आता नदीवर जायला फिरून जावं लागतं. काय? काय न्हाय. काय? आज डाळीत मीठ जास्त झालं, रिया काही बोलली नाही, तुझ्यासारखीच गिळून बसली. एका सोलला एक गोष्ट. मोठी असली तर तुकड्या-तुकड्याने, चपलांच्या जोडासारखी, डावं आधी, उजवं नंतर. कधी काहीच नसायचं सांगायला, मग तो बनवून सांगायचा: आज खाडीतून एक मासा वर आला आणि गाळ्याच्या दारात बूट मागत उभा राहिला. आणि सोल उचलताना थेंब पुसायचा. अंगठ्याच्या पेराला कायमचा पिवळा ठसा पडला होता. रिया म्हणायची, पप्पा, हळद लागलीय का तुमची?

आणि घात झाला तोही तिच्याचपायी. तिचं वर्ष भरलं, घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला, राघोने रजा घेतली. बुद्धवंदना झाली, फोटोला हार झाला, माणसं जेवून गेली. जोहराबाईही कार्यक्रमाला आल्या होत्या, आणि त्या दिवशी त्याच्या जागी पंढरी बसला होता. पंढरीला मशीन थांबतं तर थांबतं. तो थांबलेल्या वेळात मळलेली तंबाखू गालात सारायचा. थेंब कोण पुसणार? दिवसभराचा माल टाचेवर डाग घेऊन गेला आणि परत आला.

मितेशशेठ गेल्यावर राघो कुणालच्या मागे मागे चहाच्या टपरीपर्यंत गेला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. माशाची गोष्ट वेगळी. "साहेब, ते थांबणं कामाचं हाय," तो म्हणाला. "तेवढ्यात मी फुडचा सोल पुसून घेतो. न्हायतर गडबड व्हईल."

"काका, साहेब नका म्हणू." कुणाल कपातली साय बोटाने काढत होता. "मी पाहिलं तुम्हाला. तुम्ही तेव्हा काहीच पुसत नाही. तुम्ही नुसते बघत असता."

राघोने पिवळा अंगठा मुठीत लपवला. मग पलीकडून जोहराबाई आल्या. त्या चहाला आल्या नव्हत्या, ओढणीचं टोक दातात धरून आल्या होत्या. त्यांनी मागचा-पुढचा विचार न करता सगळं सांगून टाकलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. लूम, हात, कमळा, सून. कुणाल हसला नाही. चांगला पोरगा होता, हेच वाईट झालं. वाईट असता तर शिव्या देता आल्या असत्या. त्याने कप खाली ठेवला. "काका, मी ठेवूनसुद्धा उपयोग नाही हो. तो रस्ता त्या सोलच्या मापाचा आहे. तो सोलच बंद होतोय, साचा वितळायला जाणार. नव्या सोलवर तो चालवला तर सगळं सोल्युशन बाहेर पडेल." मग म्हणाला, "व्हिडिओ काढून देऊ? छान, जवळून काढतो. मोबाइलवर राहील तुमच्या."

राघोने मान हलवली. हो की नाही ते कुणालला कळलं नाही, राघोलाही नाही. व्हिडिओ होते. रियाच्या मोबाइलमध्ये कमळाबाई अफनानच्या लग्नात नाचत होती, जोहराबाईंच्या थोरल्याच्या. चांगलं मिनिटभर नाचत होती, आणि मग तीच पुन्हा पहिल्यापासून. राघो असला-नसला तरी नाचत होती. हा हात तसा नव्हता. याला सोल द्यावा लागायचा. राघोने दिला तरच विचारायचा.

रविवारी दुपारी रिया केस धुऊन दारात बसली होती. राघोने तिला सगळं सांगायचं ठरवलं. ती ऐकेल, ती शिकलेली आहे, काहीतरी सुचवेल. त्याने घसा खाकरला. रियाने मागे बघितलं आणि तोंडाने विचारलं, "काय पप्पा?" आणि त्याला एकदम लक्षात आलं की या पोरीचा हात बोलत नाही. ती लूम बंद झाल्यावर मोठी झाली. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते, गोरेगोमटे, मुके. "काय न्हाय," तो म्हणाला. ती पुन्हा विचारेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. तिने केसांतून फणी फिरवली.

सोमवारी नवा साचा बसला. बायकांच्या बुटाचा सोल, बारीक, कमरेत आवळलेला. जुना साचा दाराशी एका गोणीत उभा होता. कुणालने पाटी उघडली, इकडे तिकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "शिकवायला कोणाचा तरी हात लागेल. माझा बसलेला नाही. तुमचा सोलवर बसलेला आहे, काका. तुम्हाला नको असेल तर पंढरी..."

पंढरी लगेच बाह्या सारून पुढे आला होता. राघोने त्याला हाताने मागे सारलं. आपल्या माणसाला खांदा द्यायचा तर लोकांना कसं पुढं करायचं?

त्याने ते मनगट धरलं. एवढे दिवस तो त्याच्यासमोर बसला होता, पण धरलं आज. कुणालने बटण दाबलं आणि हात सैल झाला, एवढा हलका की राघो दचकला. दवाखान्यातून आणलेला तिचा हात असाच होता, उचलायला गेलं की अपेक्षेपेक्षा वर यायचा. सकाळपासून चालू राहून लोखंड कोमट झालं होतं. बोटं जिथे बसत होती तिथेच तिची बसली असणार, तिथलाच रंग तेवढा झिजला होता. की तो आधीपासूनच झिजलेला होता, त्या गाड्यांच्या कारखान्यातल्या कोणाच्या हातांनी? त्याने रेघ सुरू केली. चवडा झाला, कंबर झाली. टाचेचं वळण आलं. कुणाल पाटीत बघत होता, मुद्दाम बघत होता, मान वर करत नव्हता. राघोने हात उचलला. शेठला काय, पुढच्या लॉटला बघू. थेंब तो पुसेल, रजा कधी घेणार नाही, ताप आला तरी येईल. त्याने मनगट वळवलं.

आणि ते जमलं नाही. वळलं ते भलतंच काहीतरी वळलं. त्याने पुन्हा वळवून बघितलं, दुसरीकडून. ते प्रश्नासारखं दिसेना. तो सगळा जन्म त्या प्रश्नाच्या समोरच्या बाजूला बसला होता. तिच्या मनगटाची आतली बाजू, शिरा, काचेच्या बांगड्या खाली घसरायच्या त्या, एवढंच त्याला ठाऊक. विचारणाऱ्याच्या बाजूने तो हात कसा उचलतात, किती उचलतात, कुठे सोडतात, हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. तो कधी तिथे उभाच राहिला नव्हता. पलीकडे जोहराबाईंनी ते बघितलं, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"काका," कुणाल त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "माशी होती का? परत घेऊ. घाई नाही."

"माशीच व्हती," राघो म्हणाला.

दुसऱ्यांदा त्याने रेघ न थांबता काढली. चवड्यापासून टाच, टाचेपासून चवडा, कडेला धरून, सरळ, कुठेही वर न बघता. कुणालने पाटीवर बोट ठेवलं. क्षणभर ठेवूनच राहिला. मग दाबलं. मितेशशेठ आले, पहिला सोल हातात घेऊन उजेडाला धरला, अंगठ्याने टाच दाबून बघितली आणि म्हणाले, "बढिया! एकदम साफ. राघोकाका, तुम्ही तर मास्तर झाले."

मशीन सुरू झालं. राघोने सोल ठेवला. हात आला, खांद्यातून जरा वाकलेला, खालमानेने, आपल्याच कामात बुडालेला, एकदाही न थबकता रेघ पुरी करून मागे सरकला. राघोने ओळखला तो. लूमवर धाग्याकडे बघत असाच कोणीतरी उभा असायचा. सावली पडेपर्यंत मान वर करायचा नाही. दुपारपर्यंत राघोपाशी सांगण्यासारखं बरंच साठलं. पंढरीने शेठची नक्कल केली ती, बाहेर साचा भंगारवाल्याने उचलला तेव्हाचा आवाज, जोहराबाईंनी डब्यातली मटणाची भाजी न बोलता त्याच्यासमोर सरकवली ते. त्याने वर बघितलं. समोर तो स्वतःच राबत होता, आणि राघोचं सगळं राघोला आधीच ठाऊक होतं.